हीट पंपाचा थर्मोस्टॅट बदलला आणि हीट लावलं की गार हवा येते, स्क्रीन जाते किंवा बिल वाढतं: काय आणि कसं तपासायचं

दिवाळी उरकली की इकडे नॉर्थ कॅरोलायनात थंडी पडायला लागते, लोक थर्मोस्टॅट कूलवरून हीटवर नेतात आणि मग दरवर्षी तेच सुरू होतं. नवीन थर्मोस्टॅट लावलाय, हीट ७० ला ठेवलंय आणि व्हेंटमधून गार हवा येतेय. नाहीतर स्क्रीनच काळी पडलीये. नाहीतर घर मस्त गरम होतंय पण महिन्याचं बिल बघून घाम फुटतो. यावर बहुतेक जण काय करतात तर थर्मोस्टॅट परत करून दुसऱ्या कंपनीचा आणतात, तो पण तसाच लावतात आणि तोच त्रास परत होतो, कारण थर्मोस्टॅट स्वतः बिघडलेला फार कमी वेळा असतो. एकतर वायर चुकीच्या टर्मिनलला असते, किंवा वायर बरोबर असून आतलं सेटिंग चुकीचं असतं, किंवा त्रास भिंतीवर नसून वर अ‍ॅटिकमध्ये नाहीतर बाहेरच्या युनिटपाशी असतो. हे तिन्ही वेगळे ओळखता येतात, फक्त जरा थांबून बघायला लागतं.

मी जे लिहितोय ते अमेरिकेतल्या डक्टवाल्या हीट पंपाबद्दल आहे, म्हणजे घराबाहेर एक युनिट, आत अ‍ॅटिक, क्लोजेट किंवा क्रॉल स्पेसमध्ये (घराखालच्या बसक्या जागेत) एअर हँडलर, म्हणजे आतल्या पंख्याचा आणि कॉइलचा डबा, आणि भिंतीवर २४ व्होल्टवर चालणारा थर्मोस्टॅट. कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी, व्हर्जिनिया या पट्ट्यात आपल्या लोकांच्या घरांत हेच जास्त दिसतं. न्यू जर्सी, शिकागोकडे गॅसची फर्नेस जास्त, त्यामुळे तिकडच्या मित्राने व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं वायरिंग इकडे जसंच्या तसं केलं की घोळ होतो, आणि हा घोळ मी खूप ठिकाणी बघितलाय. भारतात जो हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी मिळतो तो पण हीट पंपच, पण तिथे भिंतीवर वायरी जोडायचा प्रश्न येत नाही, रिमोट आणि आतला बोर्ड सगळं बघून घेतात. इथल्या मिनी स्प्लिटचं पण तसंच, त्याला हे लागू नाही.

अजून दोन प्रकार आधीच बाजूला काढा. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर मागे जाड वायरी दिसल्या, वायर नटने जोडलेल्या, तर ते १२० किंवा २४० व्होल्टचं बेसबोर्ड हीटरचं कनेक्शन आहे, त्याला हा थर्मोस्टॅट लावायचाच नाही, जीवाशी खेळ आहे तो. आणि दुसरं म्हणजे कम्युनिकेटिंग सिस्टीम. कॅरियरच्या इन्फिनिटीला मागे ए, बी, सी, डी अशी चारच टर्मिनल असतात, इतर कंपन्यांच्या महागड्या इन्व्हर्टर सिस्टीमला पण असा प्रकार असतो, तिथे वायरीतून डेटा जातो. तिथला बी आणि सी म्हणजे मी पुढे सांगतोय तो बी आणि सी नव्हे. अशा घरात साधा थर्मोस्टॅट लावायचा विचार आधी कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय करू नका.

आता मुख्य गोष्ट, ही एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं. गॅसच्या फर्नेसला हीट हवं असेल तर थर्मोस्टॅट डब्ल्यू (W) या टर्मिनलला करंट देतो आणि कूल हवं असेल तर वाय (Y) ला. दोन वेगळी मशीन, दोन वेगळ्या वायरी. हीट पंपात कॉम्प्रेसर एकच, तोच उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो आणि तोच हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, म्हणून वाय दोन्ही ऋतूंत लागतो. दिशा बदलायचं काम रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह करतो आणि त्या व्हॉल्व्हला करंट देणारी वायर म्हणजे ओ किंवा बी. जी म्हणजे आतला पंखा. आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून येणारे २४ व्होल्ट आणि सी म्हणजे त्याचा परतीचा रस्ता. राहिला डब्ल्यू, तो हीट पंपात मुख्य हीट नाही, ती जोडीला असलेली इलेक्ट्रिक हीट स्ट्रिप, म्हणजे ऑक्स (ऑक्झिलरी). कुठे त्याला डब्ल्यू२ लिहिलेलं असतं, कुठे ऑक्स, कुठे ई म्हणजे इमर्जन्सी. थोडक्यात थर्मोस्टॅट म्हणजे काही बटणांचा बोर्ड, आर मधला करंट तो या नाहीतर त्या वायरला देतो, एवढंच त्याचं काम.

वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हे मी जितक्यांदा सांगेन तितकं कमी आहे. रिवाज असा आहे की लाल आर, निळी सी, पिवळी वाय, हिरवी जी, नारिंगी ओ, पांढरी डब्ल्यू, पण तो रिवाज आहे, कायदा नाही, आणि ज्याने घर बांधताना वायर ओढली त्याच्याकडे त्या दिवशी जी केबल होती ती त्याने वापरली. निळी वायर बी ला लावलेली घरं आहेत, पांढरी वायर सी म्हणून वापरलेली आहेत. म्हणून जुना थर्मोस्टॅट बेसवरून काढल्यावर एकही वायर सोडायच्या आधी फोटो काढा, टर्मिनलची अक्षरं नीट वाचता येतील असा, आणि मग प्रत्येक वायरला टेप लावून त्यावर अक्षर लिहा, रंग नाही. जमलं तर एअर हँडलरचं पॅनल उघडून आतल्या बोर्डावर तीच वायर कुठल्या अक्षराला गेलीये ते पण बघा, कारण खरं काय ते तिथेच कळतं. मध्येच कोणीतरी केबल जोडून रंग बदललेला असू शकतो.

हे सगळं करायच्या आधी ब्रेकर बंद. आणि ब्रेकर एक नाही, एअर हँडलरचा वेगळा आणि बाहेरच्या युनिटचा वेगळा, हीट स्ट्रिप मोठ्या असतील तर त्यांचा अजून एक. थर्मोस्टॅटच्या वायरीतल्या २४ व्होल्टने माणसाला सहसा काही होत नाही, पण आर ची उघडी तार सी ला एकदा जरी लागली तरी बोर्डावरचा फ्यूज उडतो, आणि जुन्या बोर्डावर फ्यूजच नसेल तर सरळ ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि एअर हँडलरच्या पॅनलमागे २४० व्होल्ट उघडे असतात, त्याने माणूस मरू शकतो. ब्रेकर बंद केल्यावर पण मल्टीमीटरने बघून घ्या. मल्टीमीटर नसेल तर कुठल्याही हार्डवेअर स्टोअरमधून साधा एक घेऊन या, त्याच्याशिवाय हा सगळा अंधारातला कारभार आहे.

हीट लावलं की गार हवा

पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं थांबा, खरंच. थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर लगेच सुरू करत नाही, साधारण पाच मिनिटांचा डिले असतो, तो कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात पंखा नुसता सुरू असेल तर गारच वाटणार. दुसरं म्हणजे हीट पंपाची हवा गॅस फर्नेससारखी भाजत नाही, व्हेंटपाशी ८५ ते ९५ फॅरनहाइट असते, आपल्या अंगाचं तापमान ९८ च्या पुढे, त्यामुळे हात धरला तर कोमट किंवा गारच वाटते. म्हणून हाताने ठरवू नका, किचनमधला थर्मामीटर आधी रिटर्नच्या, म्हणजे घरातली हवा ओढून घेणाऱ्या, जाळीपाशी धरा आणि मग व्हेंटमध्ये. बाहेर फार कडाका नसेल आणि व्हेंटची हवा रिटर्नपेक्षा पंधरा ते पंचवीस अंशांनी जास्त असेल तर तुमचा पंप ठणठणीत आहे. आणि तिसरं म्हणजे डिफ्रॉस्ट. बाहेर तिशी-चाळिशीचं तापमान आणि हवेत ओल असली की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवायला युनिट स्वतःहून काही मिनिटं कूलमध्ये जातं, बाहेरचा पंखा थांबतो, युनिटमधून वाफ निघते आणि व्हॉल्व्हचा मोठा फुस्स असा आवाज येतो. वाफ बघून लोक घाबरून आग लागली म्हणून फोन करतात. ती वाफच असते. पण डिफ्रॉस्टमध्ये आतली हवा गार येऊ नये म्हणून बाहेरचा बोर्ड त्याच वेळी डब्ल्यूला करंट देऊन हीट स्ट्रिप लावतो, त्यामुळे डिफ्रॉस्टच्या वेळी दर वेळेला घरात बर्फासारखी हवा येत असेल तर बाहेरून येणारी ती डब्ल्यूची वायर कुठेतरी सुटलीये किंवा लावलीच नाहीये.

हे तिन्ही नसेल आणि खरंच हीटला गार आणि कूलला गरम असं उलटं होत असेल, तर ते ओ/बी. बहुतेक कंपन्या, कॅरियर, ट्रेन, लेनॉक्स, गुडमन, रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला करंट कूलमध्ये देतात, त्याला ओ म्हणायचं. ऱ्हीम आणि रूड यांच्यात सहसा करंट हीटमध्ये द्यायचा असतो, ते बी. नवीन थर्मोस्टॅटवर टर्मिनल एकच असतं, ओ/बी असं लिहिलेलं, आणि कुठल्या वेळी करंट द्यायचा ते सेटिंगमध्ये सांगायला लागतं. बहुतेक थर्मोस्टॅट आपणहून ओ धरून चालतात. इन्स्टॉलर सेटिंग किंवा इक्विपमेंटच्या मेनूत रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असा पर्याय सापडेल, तो ओ चा बी करा, कॉम्प्रेसर पाच मिनिटं थांबू द्या आणि परत बघा. वायरीला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

तुमचं युनिट ओ आहे का बी हे लेबलवरून कळत नसेल तर खात्रीचा एक उपाय आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो कारण त्यात थर्मोस्टॅटचा संबंधच राहत नाही. सगळे ब्रेकर बंद करा, थर्मोस्टॅट बेसवरून काढून ठेवा, आर, जी आणि वाय या तीन वायरी बेसमधून काढून त्यांची टोकं एकत्र पिळा आणि वर वायर नट लावा. ओ किंवा बी ची वायर मोकळी सोडा, कशालाच लागू देऊ नका. सी ला पण टेप. आता ब्रेकर चालू करा. पंखा लागेल, आणि थोड्या वेळाने बाहेरचं युनिट लागेल. दहा मिनिटांनी व्हेंटची हवा बघा, किंवा बाहेरच्या युनिटला जाणाऱ्या दोन तांब्याच्या पाइपांपैकी जो जाड, काळं फोम लावलेला असतो, त्याच्यापाशी हात न्या, जपून, कारण हीटमध्ये तो चटका लागेल इतका तापतो. व्हॉल्व्हला करंट नसताना हीट मिळालं तर तुमची सिस्टीम ओ, गार मिळालं तर बी. झालं, यावर वाद नाही. मग ब्रेकर बंद करून वायरी परत जागेवर. ही टेस्ट करताना ब्रेकर सारखा चालू-बंद करू नका, थर्मोस्टॅटचा पाच मिनिटांचा डिले आता मध्ये नाहीये, तो तुम्ही स्वतः पाळायचा.

याच पद्धतीने बाकीचं पण वेगळं काढता येतं. आर आणि जी जोडलं तर नुसता पंखा लागला पाहिजे. आर, जी आणि डब्ल्यू जोडलं तर हीट स्ट्रिप, पण जी जोडल्याशिवाय डब्ल्यू कधी जोडू नका, पंखा नसताना स्ट्रिप तापवायच्या नाहीत. वायरी अशा थेट जोडून सगळं नीट चालत असेल आणि थर्मोस्टॅट लावल्यावर चालत नसेल तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. थेट जोडूनही चालत नसेल तर थर्मोस्टॅट कितीही बदला, काही उपयोग नाही, त्रास पुढे आहे.

ओ आणि बी दोन्ही सेटिंग करून बघितली आणि हीट-कूल दोन्हीला एकच प्रकारची हवा येतेय, असं असेल तर व्हॉल्व्ह हलतच नाहीये. कूल लावून (सेटिंग बी असेल तर हीट लावून) ओ/बी आणि सी मध्ये मल्टीमीटर धरा, २४ व्होल्ट आले तर थर्मोस्टॅट आपलं काम करतोय आणि वायर मध्ये तुटलीये किंवा व्हॉल्व्हची कॉइल गेलीये. नाही आले तर बहुतेक वेळा ती वायर टर्मिनलमध्ये नीट बसली नाहीये, परत सोलून सरळ करून दाबा. एक सेंटिमीटरच्या आसपास तांबं उघडं असावं, जास्त असलं तर शेजारच्याला लागतं, कमी असलं तर क्लिप प्लॅस्टिकवरच बसते आणि वरून सगळं छान दिसतं.

ट्रेनचं जुनं युनिट असेल तर हे आधी वाचा

ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड यांच्या जुन्या हीट पंपांत बी हे अक्षर रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचं नाही, ते कॉमन आहे, म्हणजे आपली सी. ओ ची वायर वेगळी असते. आता नवीन थर्मोस्टॅटच्या कागदावर लिहिलेलं असतं की बी ची वायर ओ/बी ला लावा, आणि माणूस विश्वासाने तसं करतो. ज्या क्षणी थर्मोस्टॅट ओ/बी ला करंट देतो त्या क्षणी २४ व्होल्ट सरळ कॉमनला जातात, पूर्ण शॉर्ट, आणि फ्यूज नाहीतर ट्रान्सफॉर्मर गेला. म्हणून जुन्या थर्मोस्टॅटवर ओ आणि बी दोन्हीला वायर असेल तर थांबा. दोन्ही एकत्र ओ/बी मध्ये कोंबायच्या नाहीत. वर जाऊन बोर्डावर बी कुठे जोडलीये बघा, ती ट्रान्सफॉर्मरच्या कॉमन बाजूला असेल तर नवीन थर्मोस्टॅटच्या सी ला लावा आणि ओ ची वायर ओ/बी ला. बोर्डावर बघणं जमत नसेल तर जुना थर्मोस्टॅट काढून ठेवलेला असताना ब्रेकर चालू करून मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि आर व बी मध्ये मोजा. पण इथे एक सांगतो, व्हॉल्व्हच्या कॉइलमधूनसुद्धा व्होल्टेज दिसू शकतं, त्यामुळे मीटरवर २४ आले म्हणजे ती कॉमनच असं नक्की म्हणता येत नाही. बोर्ड बघणंच खरं.

स्क्रीन बंद, किंवा चालू-बंद चालू-बंद

जुन्या थर्मोस्टॅटमध्ये बॅटरी होती, त्याला सी लागत नव्हती. वायफायवाल्याला सतत करंट लागतो, आणि सी नसेल तर तो इतर वायरींमधून थोडा थोडा चोरून घेतो, त्याने कधी चालतं, कधी बॅटरी उतरते, कधी बाहेरचा कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) उगाच टकटक वाजतो. भिंतीतल्या भोकात बोट घालून बघा, बऱ्याच वेळा एक न वापरलेली वायर मागे गुंडाळून ठेवलेली असते. ती दोन्हीकडे मोकळी असेल तर एअर हँडलरच्या बोर्डावर सी ला आणि खाली थर्मोस्टॅटच्या सी ला जोडली की विषय संपला. एकही जास्तीची वायर नसेल तर २४ व्होल्टचा प्लगवाला ट्रान्सफॉर्मर मिळतो, किंवा एका वायरीतून दोन सिग्नल पाठवणारं किट मिळतं, किंवा सरळ नवीन १८ गेजची आठ वायरींची केबल ओढून घ्या. माझं मत विचाराल तर केबल ओढता येत असेल तर तीच ओढा. जी ची वायर काढून तिची सी करा असं काही जण सांगतात, ते हीट पंपात नको, पंखा वेगळा चालवायची सोय जाते आणि बोर्डावर वाय आणि जी जोडून ठेवायला विसरलं तर पंख्याशिवाय कॉम्प्रेसर चालतो.

सी आहे आणि तरी स्क्रीन काळी, तर थर्मोस्टॅटपाशी आर आणि सी मध्ये मोजा. २४ ते २८ व्होल्ट यायला हवेत. आले तर थर्मोस्टॅटच गेलाय किंवा बेसवर नीट बसला नाहीये. आले नाहीत तर वर जा. आणि वर गेल्यावर पहिल्यांदा फ्यूज नाही, पाणी बघा. एअर हँडलरखालच्या ट्रेमध्ये किंवा ड्रेन पाइपवर फ्लोट स्विच असतो, ड्रेन तुंबून पाणी वाढलं की तो आर तोडतो म्हणजे छतातून पाणी गळायच्या आधी सगळं बंद पडतं. उन्हाळ्यात ऐन जुलैत स्क्रीन काळी होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि लोक तेव्हा नवीन थर्मोस्टॅट ऑर्डर करत बसतात. बाहेर ड्रेन पाइपच्या तोंडाला वेट-ड्राय व्हॅक्यूम लावून ओढा, शेवाळाचा गोळा बाहेर येतो, पाणी उतरलं की स्क्रीन आपोआप उजळते.

पाणी नसेल तर मग फ्यूज. बोर्डावर गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज असतो, जांभळा ३ अँपिअरचा किंवा फिकट तपकिरी ५ अँपिअरचा. उडाला असेल तर त्याच अँपिअरचा बसवा, मोठा नाही. आणि लगेच परत उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. एअर हँडलरपाशी बाहेरच्या युनिटला जाणाऱ्या वायरी सोडवा आणि टेप लावा, फ्यूज बसवा, ब्रेकर चालू करून पंखा लावा. आता टिकला तर शॉर्ट बाहेर आहे. आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा जिथे केबल भिंतीतून निघून युनिटमध्ये शिरते तिथला फूटभर तुकडा, गवत कापायच्या ट्रिमरने सोललेला, खारीने कुरतडलेला किंवा तांब्याच्या पाइपावर घासून घासून उघडा पडलेला. डोळ्यांनी दिसतो. केबल शाबूत असेल आणि नेमका कॉम्प्रेसर सुरू होताना फ्यूज उडत असेल तर कॉन्टॅक्टरची कॉइल बघा. फ्यूजच्या जागी बसणारा ३ अँपिअरचा बटण दाबून रिसेट होणारा छोटा ब्रेकर मिळतो, शोधकाम चालू असताना तो फार कामाचा आहे.

घर गरम आहे, बिल पण गरम आहे

हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण काही बिघडलंय हे कळतच नाही. १० किलोवॅटची हीट स्ट्रिप तासाला १० युनिट खाते. तेवढ्याच घराचा तीन टनाचा हीट पंप साधारण तीन किलोवॅटच्या आसपास घेतो आणि बाहेर ४५-५० अंश असताना एका युनिटात तीन युनिटांच्या जवळपास उष्णता आणतो. स्ट्रिप एका युनिटात एकच देते. म्हणजे हीट पंप बंद आणि स्ट्रिप चालू अशा अवस्थेत घर गरमच राहतं, फरक फक्त बिलात दिसतो, तो पण महिन्याने.

तपासायला एकच गोष्ट करा, हीट चालू असताना बाहेर जाऊन युनिट बघा. पंखा फिरतोय का? डिफ्रॉस्ट नसेल आणि पंखा फिरत नसेल तर तुम्ही स्ट्रिपवर चाललाय. आता कारण शोधा. थर्मोस्टॅट चुकून इमर्जन्सी हीटवर आहे का, हे पहिल्यांदा बघा, कारण नाव ऐकून लोक जास्त थंडी पडली की ते मुद्दाम लावतात, आणि त्याचा अर्थ कॉम्प्रेसर बंद करून फक्त स्ट्रिप चालवा असा होतो, कॉम्प्रेसर बिघडला तरच लावायचं असतं ते. मग सेटिंग बघा, सिस्टीमचा प्रकार हीट पंप निवडलाय का कन्व्हेन्शनल? कन्व्हेन्शनल असेल तर थर्मोस्टॅट हीटला वाय देणारच नाही, फक्त डब्ल्यू देईल आणि स्ट्रिप लागतील. ऱ्हीम-रूडवाल्यांनी हे खास बघा, कारण बी प्रकारात व्हॉल्व्हला करंट नसताना कूल नीट मिळतं, त्यामुळे उन्हाळाभर शंका येत नाही आणि हिवाळ्यात बिल फुटतं. त्याच मेनूत पंख्याचा पण पर्याय असतो, गॅससाठी असलेलं सेटिंग राहिलं तर हीटला थर्मोस्टॅट जी देत नाही, तो इलेक्ट्रिक किंवा हीट पंपला ठेवा. सगळं बरोबर असून बाहेरचं युनिट थांबलेलंच असेल तर हीट मागितलेलं असताना वाय आणि सी मध्ये मोजा. २४ आहेत तर बाहेरच्या युनिटचा प्रश्न, ब्रेकर, कॅपॅसिटर, कॉन्टॅक्टर असं काहीतरी, आणि तिथे मी तुम्हाला हात घालू नका म्हणेन, कॅपॅसिटर ब्रेकर बंद केल्यावरही झटका देतो.

बाहेरचं युनिट चालतंय आणि तरी स्क्रीनवर ऑक्स सारखं दिसतंय तर बऱ्याचदा आपलीच सवय कारण असते. रात्री ६२ आणि सकाळी सहाला एकदम ७० मागितलं की थर्मोस्टॅटला वाटतं पंपाला झेपणार नाही, तो स्ट्रिप लावतो. आपल्याकडे वीज वाचवायची म्हणून रात्री सगळं बंद करायची जी सवय असते ती हीट पंपाला उलटी पडते. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खाली आणू नका, आणि थर्मोस्टॅटमध्ये ऑक्स लॉकआउट असेल तर बाहेर ३५-४० च्या वर तापमान असताना ऑक्स लागू नये असं सेट करा. डिफ्रॉस्टची स्ट्रिप बाहेरच्या बोर्डाकडून येते, तिला याने बाधा येत नाही. गॅस फर्नेस आणि हीट पंप जोडीने असलेल्या घरांत मात्र सेटिंग ड्युअल फ्युएल पाहिजे, ऑक्स नाही, कारण तिथे कॉइल फर्नेसच्या पुढे असते आणि दोन्ही एकदम चालवायचे नसतात.

दुमजली घरात अजून एक पेच असतो. वर आणि खाली दोन थर्मोस्टॅट पण बाहेर युनिट एकच, म्हणजे मध्ये झोन पॅनल आहे आणि भिंतीवरच्या वायरी एअर हँडलरला न जाता त्या पॅनलला जातात. तिथे थर्मोस्टॅट हीट पंप म्हणून ठेवायचा का कन्व्हेन्शनल हे पॅनलवरच्या स्विचवर ठरतं, आणि दोन्ही थर्मोस्टॅट सारखेच ठेवायला लागतात. पॅनलच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असतो, तो बघा.

थर्मोस्टॅट खोलीचं तापमानच चुकीचं दाखवत असेल तर वायर जिथून येते ते भिंतीतलं भोक बंद करा. त्यातून अ‍ॅटिकची नाहीतर क्रॉल स्पेसची हवा थेट सेन्सरवर येते. थोडी पुटी लावली तरी पुरते.

टेक्निशियनला बोलवायची वेळ आली तर फोनवर नुसतं हीट चालत नाही असं सांगू नका. आर-सी मध्ये किती व्होल्ट, हीटला वाय वर येतात का, बाहेरचा पंखा फिरतो का, थेट वायरी जोडून काय झालं आणि सिस्टीम ओ आहे का बी, एवढं सांगा आणि जुन्या वायरिंगचा फोटो पाठवा. आणि जुना थर्मोस्टॅट गोल, आत काचेची कुपी असलेला असेल तर त्यात पारा आहे, तो कचऱ्यात टाकू नका, काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या.